एसएसडी टाकली अन् गेम बंद पडायला लागला: दोष शोधायचा कुठं?

मे महिन्यातल्या एका दुपारी मानवतहून एसटीनं एक पोरगा परभणीला माझ्या दुकानात आला. सतरंजीत बांधलेला सीपीयू त्यानं काउंटरवर ठेवला. गाठी सोडल्या, तर आत आणखी एक टॉवेल गुंडाळलेला.

“काका, गेम चालू होतो, पंधरा-वीस मिनिटं नीट चालतो, मग चित्र थिजतं अन् गेम बंद पडायलाय. एसएसडी टाकल्यापासूनच व्हायलंय हे. आधी नव्हतं.”

माझ्याकडं येण्याआधी त्यानं एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथं पाच मिनिटांत निकाल लागला होता: ग्राफिक्स कार्ड गेलं, नवं घ्यावं लागेल. एसएसडीचे पैसेच कापसाच्या पट्टीतून आलेले. आता कार्डाचं घरी कुठल्या तोंडानं सांगू, असं तो म्हणाला. अशा वेळी मला फार वाईट वाटतं. कारण ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये नवा पार्ट लागतच नाही. लागतो तो तासाभराचा वेळ आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघण्याची सवय. त्या दुपारी काय काय तपासलं आणि एरवी काय तपासतो, ते सगळं इथं सांगतो.

आधी एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, नेमकं करते काय ते बघू. आपल्या मोंढ्यात जाऊन उभं राहा. मागं गोदाम, पुढं ओटा, ओट्यावर काटा. हमाल गोदामातून पोतं उचलतो, ओट्यावर आणतो, मग काट्यावर माप होतं. गोदाम म्हणजे कॉम्प्युटरची डिस्क, ओटा म्हणजे रॅम, आणि काट्यावरचं काम करणारे म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. गेम उघडताना लोडिंगची पट्टी सरकते ना, त्या हमालाच्या खेपा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, आणि एक बारीक हात मागंपुढं सरकत फाइल शोधत बसतो. सेकंदाला १००-१५० एमबी आले तरी पुष्कळ, आणि फायली विखुरलेल्या असतील तर तेवढेही येत नाहीत. केबलनं जोडायच्या साध्या सॅटा एसएसडीत फिरणारं काही नाही, सगळं चिपमध्ये, म्हणून वेग ५०० ते ५५० एमबीपर्यंत जातो. मदरबोर्डवर आडवी बसणारी एनव्हीएमई ३००० एमबीच्याही पुढं जाते.

पण हमाल कितीही तरणा असला तरी तो पोतं आणतो, माप करत नाही. म्हणून एसएसडीनं लोडिंग झपाट्यानं होतं, एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, मात्र जवळपास तेवढाच राहतो. तपासणीला हीच गोष्ट कामी येते. एसएसडीच्या दोषानं गेम पडत असेल तर तो सहसा माल आणताना पडेल: नकाशाचा नवा भाग उघडताना, लेव्हल बदलताना, सेव्ह करताना. धुमश्चक्रीत, पंखे जोरात फिरत असताना पडत असेल तर काट्याकडं बघावं लागतं, म्हणजे उष्णता, वीज, ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोजकडून कार्डाला काम सांगणारं सॉफ्टवेअर).

आता मुख्य मुद्दा. “एसएसडी टाकल्यापासून” असं आपण म्हणतो, पण त्या दिवशी फक्त एसएसडी बदललेली नसते. कॅबिनेट उघडलं, म्हणजे रॅमला, केबलला हात लागला. जुन्या डिस्कची क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, मारली, म्हणजे जुन्या डिस्कचे आजारही इकडं आले. किंवा नवी विंडोज मारली, म्हणजे जुन्या विंडोजमध्ये वर्षानुवर्षं जमा झालेलं कितीतरी सामान गेलं. ड्राइव्हची अक्षरं बदलली. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, काहीतरी खालीवर केलं. दोष बहुतेक वेळा या बाकीच्या बदलांत दडलेला असतो आणि नाव येतं एसएसडीचं, नाहीतर ग्राफिक्स कार्डाचं.

म्हणून पहिल्यांदा विचारायचं, पडतो म्हणजे कसा पडतो? गेम आपोआप बंद होऊन डेस्कटॉप दिसतो का? चित्र थिजून सगळंच हँग होतं का? निळा पडदा येतो का? की लाईट गेल्यासारखं अख्खं मशीनच बंद होऊन पुन्हा चालू होतं? चारही वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता गेम बंद होत असेल तर गेमच्या फायली, ड्रायव्हर किंवा मेमरी अपुरी पडणं, याकडं बघा. काही सेकंद थिजून मग बंद होत असेल तर डिस्क आणि केबल. निळ्या पडद्यावर खाली एक नाव येतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असेल तर विंडोजला डिस्कवरून हवं ते वाचता आलं नाही, म्हणजे डिस्क, केबल किंवा रॅम. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर आधी रॅम. ‘व्हिडिओ टीडीआर’ असेल तर ग्राफिक्स. अख्खं मशीन रिस्टार्ट होत असेल तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), उष्णता किंवा घरातली वीज.

विंडोज हे सगळं स्वतः लिहून ठेवत असते, आपण वाचत नाही एवढंच. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टिम’. गेम पडला ती वेळ गाठा आणि तिथल्या लाल-पिवळ्या नोंदी बघा. मानवतच्या त्या मशीनमध्ये दर वेळी गेम थिजल्याच्या मिनिटाला दोन आकडे होते: १२९ आणि १५३. १२९ म्हणजे डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजनं तिला रीसेट केलं. १५३ म्हणजे एक वाचन फसलं आणि पुन्हा करावं लागलं. हमाल गोदामात गेला तो बाहेरच येईना, शेवटी दुसऱ्यांदा हाक मारावी लागली, असं समजा. ७ हा आकडा दिसला तर डिस्कवर खराब जागा सापडली आहे, तेव्हा गेमबिम बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडं कॉपी करा. ४१ ही नोंद पुष्कळांना घाबरवते. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. का, ते ती सांगत नाही.

मग मी क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं. हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे, डिस्कची नाडी बघतं. वरचा निळा ‘गुड’ बघून लोक खूश होतात आणि बंद करतात, पण खालची यादी वाचायला हवी. सॅटा डिस्कच्या यादीत बहुधा सी७ नावाची ओळ असते. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये वाटेत किती वेळा डेटा बिघडला, त्याची ती मोजणी. आकडे नेहमीसारखे दिसावेत म्हणून सेटिंगमध्ये ‘रॉ व्हॅल्यू’ दशमान करून घ्या. त्याच्या एसएसडीत सी७ होता ३१२. गेम चालवला, चित्र थिजलं, पुन्हा बघितलं तर ३४७. अगदी नवी एसएसडी, चिप ठणठणीत, आणि वाटेत माल सांडतोय.

कॅबिनेटचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. लाल सॅटा केबल, जुन्या हार्ड डिस्कचीच, एसएसडीच्या तोंडाशी काटकोनात मुडपून पत्र्याखाली दाबलेली. पत्रा लावला की केबल दबायची, मशीन तापलं की थोडी सैल व्हायची. प्लग हलवून बघितला तर लटपटत होता, क्लिपसुद्धा नव्हती. सॅटाची डेटा केबल सात पिनांची. त्यातली एक जरी नीट टेकली नाही तरी सी७ वाढतो. क्लिपवाली नवी केबल मारली, मदरबोर्डचा पोर्ट बदलला, केबल मोकळी ठेवून पत्रा लावला. केबलला लागले चहा-भज्यांएवढे पैसे.

सी७ शून्यावर परत येत नसतो, झालेली मोजणी तशीच राहते. बघायचं ते एवढंच, की तो पुढं वाढतो का. दोन तास गेम चालला, सी७ ३४७ वरच. थिजणंही बंद झालं.

पण मिशनच्या एका ठरावीक जागी गेम तरीही बंद पडला. यावेळी न थिजता, सरळ डेस्कटॉपवर. इथं पुष्कळ जण वैतागतात आणि आधीचा उपायच चुकला असं धरून चालतात. तसं नसतं. एका मशीनमध्ये दोन दोष असू शकतात आणि दुसरा दिसायला पहिला जावा लागतो. मी विचारलं, “क्लोन मारताना काही मेसेज आला होता का?” तो म्हणाला, “अर्ध्यात थांबायलं होतं काका, मग बॅड सेक्टर सोडून द्या असं होतं त्याला टिक केलं.”

तिथंच सापडलं. जुनी डिस्क जोडून बघितली तर ०५ आणि सी५ या दोन्ही ओळींत आकडे: खराब झालेल्या आणि होऊ घातलेल्या जागा. गोदामातली काही पोती भिजलेली होती, क्लोननं ती आहे तशी किंवा अर्धी रिकामी करून नव्या गोदामात नेऊन रचली. एसएसडी ती आता झपाट्यानं आणून देते, पण आतला माल सडकाच. गेमला त्या जागी ती फाइल लागते आणि तो कोसळतो.

यावर अख्खा गेम उडवून पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ८० जीबी उतरवायला आपल्याकडं किती दिवस जातात, मला माहीत आहे. गेम स्टीम ॲपवरून घेतला असेल तर त्यात गेमच्या नावावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’, आणि ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी ऑफ गेम फाइल्स’. एपिकच्या ॲपमध्ये गेमजवळच्या तीन टिंबांतून ‘मॅनेज’ आणि ‘व्हेरिफाय’. प्रत्येक फाइल तपासली जाते आणि फक्त बिघडलेली तेवढीच पुन्हा उतरते. त्याच्या गेममध्ये चार फायली बिघडलेल्या निघाल्या.

गेमच्या फायली खराब आल्या तर विंडोजच्याही आल्या असणार. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडायचा आणि ‘एसएफसी’ लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ देऊन ‘स्कॅननाऊ’ ही कमांड द्यायची, अर्थात इंग्रजीतून. विंडोज आपल्या फायली स्वतः तपासते, जमेल तेवढ्या दुरुस्त करते. खूपच बिघडलेलं निघालं तर क्लोनचा नाद सोडून एसएसडीवर कोरी विंडोज मारा. माझं मत विचाराल तर जुनी डिस्क आजारी असेल तेव्हा क्लोन मारूच नये.

कोऱ्या विंडोजचीही आपली दुखणी आहेत, पण ती ओळखायला सोपी. गेम उघडतानाच ‘व्हीसीरनटाइम १४०’ किंवा ‘एमएसव्हीसीपी १४०’ नावाची डीएलएल सापडत नाही असा मेसेज आला तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या, ३२ आणि ६४ बिट दोन्ही. ती एकटी डीएलएल फाइल कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवू नका, व्हायरस घरात घ्यायची ती वाट आहे. जुन्या गेमना डायरेक्टएक्सचं जून २०१० चं पॅकेजही लागतं. ग्राफिक्स ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्याच साइटवरून टाका, विंडोजनं स्वतःहून बसवलेल्यावर थांबू नका. आणि गेम आधी डी ड्राइव्हवर होता, आता तोच ड्राइव्ह ई झाला असेल, तर गेमला आपलंच घर सापडत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर पूर्ववत करा. हे सगळं करण्याआधी डॉक्युमेंट्समधलं गेमचं सेव्ह फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. शंभर तासांचा खेळ एका फॉरमॅटमध्ये गेलेली पोरं माझ्यासमोर रडवेली झालेली आहेत.

पेजफाइलचं जरा सविस्तर सांगतो, कारण हा दोष माणूस स्वतःच्या हातानं ओढवून घेतो. ओटा भरला की व्यापारी जास्तीची पोती पडवीत ठेवतो. रॅम भरली की विंडोज डिस्कवरच्या एका फाइलमध्ये माल ठेवते, तीच पेजफाइल. कुणीतरी व्हिडिओत सांगतं की एसएसडीचं आयुष्य वाढवायचं तर पेजफाइल बंद करा. १२० किंवा २४० जीबीच्या एसएसडीवर जागा वाचेल म्हणूनही काही जण ती बंद करतात. मग ८ जीबी रॅमवर मोठा गेम लावला की ओटा भरतो, पडवीला कुलूप, आणि गेम काही न बोलता बंद. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २००४ क्रमांकाची, रिसोर्स एक्झॉशन नावाची नोंद दिसली तर हेच. पेजफाइल ‘सिस्टिम मॅनेज्ड’ करून टाका. एसएसडीचं आयुष्य एवढ्यानं सरत नाही. आणि ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरू नका, १५-२० टक्के जागा मोकळी राहू द्या. तेवढी नसेल तर पेजफाइलला वाढायला जागा उरत नाही आणि एसएसडीही मंदावते.

एनव्हीएमई टाकली असेल तर केबलचा प्रश्नच मिटला, पण उष्णतेचा सुरू झाला. परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांना जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. बऱ्याच बोर्डांवर ही एसएसडी नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या खाली बसते. साधारण ७० ते ८० अंशांच्या दरम्यान ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते. तेवढ्यानं गेम अडखळतो, पडत नाही. पण त्याही पुढं तापली तर ड्राइव्ह क्षणभर सिस्टिममधून गायब होऊ शकते, आणि मग गेम काय, विंडोजही कोसळते. क्रिस्टलडिस्कइन्फोत तापमान दिसतं, गेम चालू असतानाच बघा. वरची धातूची पट्टी म्हणजे हीटसिंक काढून बघा, खालच्या मऊ पॅडवरचा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा तसाच राहिलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. तो असला की हीटसिंक असून नसल्यासारखी. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पीसीआय एक्सप्रेस’खाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करूनही एकदा चालवून बघा. एसएसडीच्या कंपनीनं नवं फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलं असेल तर तेही टाका, आधी बॅकअप घेऊन.

एनव्हीएमई बसवल्यावर दुसरी हार्ड डिस्कच दिसेनाशी झाली तर घाबरू नका. पुष्कळ बोर्डांवर हा स्लॉट वापरला की एखाद-दुसरा सॅटा पोर्ट बंद होतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत कुठला ते लिहिलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की झालं.

रॅमचं थोडक्यात. कॅबिनेट उघडताना कोपर लागून रॅम जराशी सरकते. वायर काढा, काढून झाल्यावरही पॉवरचं बटण एकदा दाबा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल, लोखंडी पत्र्याला हात लावा, मग रॅम काढा. सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, कण झटका, दोन्ही बाजूंचा ‘खट्’ आवाज येईपर्यंत बसवा. शंका उरली तर मेमटेस्ट ८६ पेन ड्राइव्हवरून चालवा, त्यात एकसुद्धा एरर चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायची सेटिंग) चालू असेल तर बंद करून बघा.

विजेचं मात्र आपल्या भागात सोडून चालत नाही. एसएसडी जुन्या मोठ्या हार्ड डिस्कपेक्षा कमीच वीज खाते, तेव्हा तिच्यामुळं एसएमपीएसवर भार आला असं कुणी सांगितलं तर मानू नका. पण गेम अपडेट होत असताना लाईट गेली तर अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवसापासून गेम पडायला लागतो. त्यावर पुन्हा तेच ‘व्हेरिफाय’. खेड्यात अर्थिंग धड नसतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गेम राहू द्या, आधी वायरमनला बोलवा. यूपीएस परवडत असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या आधी तो घ्या.

ऑनलाइन अगदी मातीमोल भावात १ किंवा २ टीबीची बिननावाची एसएसडी मिळाली असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं ती पूर्ण भरून तपासा. काहींमध्ये आत थोडीच जागा असते आणि बाहेर मोठा आकडा दाखवतात. ती मर्यादा ओलांडली की आधीचा डेटा पुसला जातो, आणि गेम रोज नव्या जागी पडतो.

एवढं करूनही उलगडा होत नसेल तर उलटी परीक्षा घ्या. कार्ड विकत घ्यायच्या आधी ती घ्याच. जुनी हार्ड डिस्क बरी असेल तर ती सोबत जोडा, स्टीममध्ये ‘मूव्ह इन्स्टॉल फोल्डर’नं तोच गेम तिच्यावर हलवा आणि खेळा. तिथूनही पडला तर गेमची एसएसडीवरची जागा हे कारण नाही, तेव्हा ड्रायव्हर, रॅम, उष्णता यांच्याकडं वळा. तिथून चालला आणि एसएसडीवरून पडला, तर केबल, पोर्ट किंवा एसएसडीच. मग वॉरंटीत बदलून घ्यायला तुमच्या हातात पुरावा आहे. इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदींचे फोटोही सोबत न्या. दुकानदार “चेक करून सांगतो” म्हणून आठ दिवस फिरवतो, फोटो असले की बोलणं सरळ होतं.

त्या पोरानं संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत दुकानातच बसून ते मिशन पार केलं, सीपीयू पुन्हा टॉवेलात आणि सतरंजीत बांधला. मी त्याला सी७ बघायला शिकवून ठेवलं होतं. आठ दिवसांनी त्याचा मेसेज आला, स्क्रीनचा फोटो आणि खाली एवढंच: “काका, ३४७ च हाय.”